समुद्र उजव्या हाताला असावा, ही विनंती

एका जंगलात एक गाडी सुटली आणि कुठेही न थांबता थेट शेवटच्या स्टेशनावर पोचली. मृण्मयीला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की काहीतरी चुकतंय.

तसं पाहिलं तर यात चुकण्यासारखं काय होतं? गाडी वेळेवर पोचली तर चांगलंच. पण मृण्मयी चांगल्या गोष्टींनीही दचकायची.

तिच्या जंगलातून जी खरी गाडी जायची, ती समुद्र उजव्या हाताला ठेवून एकेरी रुळावरून जायची. समोरून दुसरी गाडी येणार असली, की ही गाडी एखाद्या लहानशा स्टेशनात बाजूच्या रुळावर जाऊन गपचूप उभी राहायची. त्याला क्रॉसिंग म्हणत. कधी थोडा वेळ, तर कधी इतका वेळ, की उतारू खाली उतरून करवंदं घ्यायचे, सावली कुणाची यावरून भांडायचे आणि परत चढताना एकमेकांना घरी यायचं आमंत्रण द्यायचे.

ही गाडी मात्र थांबली नाही. समोरून कुणी आलंच नाही. आणि समुद्र सबंध वेळ डाव्या हाताला होता.

आता मुलांनो, हे सांगायला हवं की ही गाडी खरी नव्हती. ती फोनमधल्या खेळातली होती. खेळाचं नाव ‘चालक व्हा’. त्या जंगलात तेव्हा सगळ्यांकडे फोन होते. ते का होते, हे विचारू नका. बोधकथेत सगळ्यांकडे सगळं असतं. अक्कल तेवढी शेवटी येते.

तर सगळे प्राणी हा खेळ खेळायचे. गवा अरुंद पुलांवरून मालगाड्या न्यायचा. कासव फक्त अतिजलद गाड्या चालवायचं. खेळात बर्फाच्या डोंगरातला मार्ग होता, वाळवंटातला होता, आणि एक किनाऱ्याचाही होता, पण तो कुठल्यातरी दूरच्या देशाचा. तिथल्या स्टेशनांवर मासळी वाळत घातलेली नसे. तिथे कुणी कुणाला निरोप द्यायला आलेलं नसे.

मृण्मयी ही खवले मांजर होती. खवले मांजराचं मांजराशी काही नातं नाही. पण एकदा नाव पडलं की पडलं. नाव वेळेवर ठेवलं नाही, की येणारा-जाणारा काहीही म्हणून जातो आणि तेच चिकटतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत खवले होते, वाघाचे दात बोथट करतील असे. आत मात्र मृण्मयी होती. जरा कुठे खुट्ट झालं, की ती शेपटीत तोंड घालून अंगाचं मुटकुळं करायची. फणस पडला, मुटकुळं. फोन वाजला, मुटकुळं. कुणी ‘अभिनंदन’ म्हणालं, मुटकुळं. ती वडाखालच्या महाविद्यालयात शिकली होती. तोंडी परीक्षेला ती पूर्ण वेळ मुटकुळं होऊन बसली. परीक्षकांना वाटलं, मुलगी खोल विचारात आहे. तिला पहिला वर्ग मिळाला.

ती मुंग्या खायची. वाळवी फक्त सणासुदीला. हेही लक्षात ठेवा.

मृण्मयीची थोरली बहीण, वसुंधराताई, लग्न होऊन पुळणवाडीला गेली होती. पुळणवाडी म्हणजे खऱ्या गाडीच्या किनाऱ्यावरचं शेवटचं स्टेशन. मृण्मयी करवंदमाळला, ताई पुळणवाडीला, मध्ये बोगदे, पूल, खाड्या आणि रोजच्या दोन गाड्या.

ताईच्या लग्नाला मृण्मयी निघाली होती. फलाटावर पोचलीसुद्धा. तेवढ्यात इंजिनाने शिट्टी दिली. मृण्मयी मुटकुळं होऊन उलगडेपर्यंत गाडी गेली होती, ताईच्या गळ्यात हार पडला होता, आणि पंगतीत मृण्मयीच्या वाटणीची मुंग्यांची चटणी दाजींच्या मामांनी संपवली होती.

आता ताईला मुलगी झाली होती. दाजींना बहीण नव्हती. कानात नाव सांगायला आत्या नाही, तेव्हा मावशीच लागणार, असं ताईने फोनवर सांगितलं.

आणि खवले मांजरांत एक रीत असते. पिल्लू आईच्या शेपटीवर बसून हिंडतं. ते शेपटीवरून खाली उतरायच्या आत त्याचं नाव त्याच्या कानात सांगायचं. एकदा ते उतरून स्वतःच्या पायांनी चालायला लागलं, की मग रीत संपली. मग जग जे म्हणेल ते नाव.

जग आत्ताच ‘ढेकूळ’ म्हणत होतं. शेजारच्या रानडुकरांनी सुरुवात केली होती.

“येतेस ना?” ताईने विचारलं.

“लवकरच,” मृण्मयी म्हणाली. हा तिचा आवडता शब्द होता. तो ऐकणारा गप्प बसायचा आणि म्हणणारीला कुठे जावं लागायचं नाही.

पण या वेळी तिला झोप लागेना. मग तिला एक कल्पना सुचली. भित्र्यांना कल्पना फार सुचतात, कारण ते इतर काही करत नसतात.

आपला किनारा खेळात आला तर? फोनमधल्या शिट्टीचा आवाज कमी करता येतो. आधी अगदी हळू ऐकायची, मग थोडी मोठी, मग आणखी थोडी. कुठला बोगदा कधी येतो ते पाठ करायचं. कुठल्या पुलावर धडधड होते ते आधीच माहीत करून घ्यायचं. आणि सगळा मार्ग हातचा मळ झाला, की खऱ्या गाडीत बसायचं. आधी सराव, मग प्रवास.

हे तिने ताईला सांगितलं. 

“मार्ग आहेच की गं इथे,” ताई म्हणाली. “अंगणातून दिसतो.”

“तो खरा आहे ना, ताई.”

यावर ताईने फोन ठेवला.  पुढे चला.

खेळ बनवणारी कंपनी होती ‘वाळवी आणि मंडळी’. तिची कचेरी म्हणजे एक उंच वारूळ. जंगलात फोनला रेंजही फक्त वारुळांपाशीच यायची, त्यामुळे तिथे कायम वर्दळ असे. वारुळाला खालच्या बाजूला एक भोक होतं आणि वर पाटी होती, ‘नव्या मार्गांचे प्रस्ताव येथे टाकावेत’.

मृण्मयीने प्रस्ताव लिहिला.

‘करवंदमाळ ते पुळणवाडी हा निसर्गरम्य किनारी मार्ग आपल्या खेळात घ्यावा, ही नम्र विनंती. समुद्र उजव्या हाताला असावा, ही विनंती. त्याचा निळा रंग जमत नसेल तर राखाडी चालेल. आमच्याकडे बरेचदा राखाडीच असतो. वाटेत एक तरी क्रॉसिंग असावं. गाडी उशिरा पोचली तरी कुणी काही म्हणणार नाही, सवय आहे. आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. हा प्रस्ताव वाचल्याबद्दल क्षमस्व. न वाचल्यासही हरकत नाही.’

तो घेऊन ती आधी पिंगळेकाकांकडे गेली. पिंगळेकाका आंब्याच्या ढोलीत राहायचे. ते करवंदमाळ रेल्वेप्रेमी मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळात ते एकटेच होते. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ते त्याचा जन्म आणि कूळ सांगायचे. डब्याच्या रंगाची छटा चुकली, तर त्यांना अन्न गोड लागत नसे.

काकांनी मान पूर्ण गोल फिरवून प्रस्ताव वाचला. म्हणाले, भाषा बरी आहे, पण यात रेल्वे कुठे आहे? समुद्र आहे, क्षमस्व आहे. बोगद्यांची लांबी नाही, चढ-उतार नाहीत, सिग्नल नाहीत.

मृण्मयीला हे पटलं. तिला कुणाचंही सगळं पटायचं. पण तोवर धीर गोळा झालेला होता आणि तो फार टिकत नाही हे तिला माहीत होतं. ती तशीच वारुळाकडे गेली.

“कुणी आहे का?” तिने भोकापाशी तोंड नेऊन विचारलं.

आता मृण्मयीची एक सवय होती. घाबरली, की तिची जीभ आपोआप बाहेर यायची. आणि खवले मांजराची जीभ ही काही लहानसहान गोष्ट नाही. प्रस्ताव आत सरकवताना ती जीभही चांगली हातभर आत गेली, थरथरली, आणि बाहेर आली.

आत काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंत. सगळे दरवाजे धडाधड बंद झाले. शिपाई वाळव्यांनी भोकांत डोकी खुपसून ती बुजवली. राणीला तळघरात हलवलं. सबंध कंपनीने श्वास रोखून धरला.

मृण्मयी बाहेर वाट बघत उभी राहिली. आतून शब्द नाही.

तिच्या मनात नाना शंका आल्या. ‘नम्र’ हा शब्द आपण एकदाच लिहिला. ‘क्षमस्व’ दोनदा लिहिला, तो तीनदा हवा होता. समुद्राला राखाडी म्हणायला नको होतं. आपल्या जातीची भीती कुणाला वाटत असेल, ही एकच शंका तिला आली नाही. स्वतःच्या भिण्यात ती इतकी गढलेली असायची, की दुसऱ्या कुणाच्या भिण्याला जागाच उरायची नाही. त्यात आपल्याला भिणारा तर दूरच.

ती गेल्यावर वाळव्या हळूहळू बाहेर आल्या. समोर कागद पडलेला. मुलांनो, वाळवी कागदाचं काय करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मृण्मयीलाही ठाऊक होतं, कॉलेजात तिने त्यावर निबंध लिहिला होता. पण अर्ज करताना माणूस शिकलेलं सगळं विसरतो.

प्रस्ताव चविष्ट निघाला. विशेषतः समुद्राचा परिच्छेद. किंचित खारट.

दुसऱ्या दिवशी भोकातून एक चिठ्ठी डोकावत होती. ‘प्रस्ताव रुचला. परंतु त्रोटक वाटला. सविस्तर पाठवावा. आमची शाखा प्रत्येक स्टेशनामागे आहे.’

मृण्मयीने ती चिठ्ठी पिंगळेकाकांना दाखवली.

“मी सांगितलं होतं,” काका म्हणाले. “त्यांना तपशील हवाय. पहिल्या बोगद्यातून बाहेर पडलं की उजव्या हाताला काय दिसतं?”

“समुद्र.”

“समुद्र सगळीकडेच दिसतो. नेमकं काय?”

“मी पाहिलं नाही, काका.”

“मग जाऊन बघ. गाडीने नको, तुझी ती भानगड आहे. चालत जा. बोगदा काय पळून जातोय?”

“तुम्ही पाहिलाय का?”

काकांनी मान अर्धी फिरवून तिच्याकडे पाहिलं. “मी तज्ज्ञ आहे. तज्ज्ञाला जावं लागत नाही.”

मृण्मयीने ठरवलं, फक्त पहिल्या बोगद्यापर्यंत जायचं. उजवीकडे बघायचं. लिहून घ्यायचं. परत यायचं. एवढ्याने काही होत नाही.

ती रुळाच्या कडेकडेने, टाकळ्याच्या झुडपांआडून चालत निघाली. बोगद्याच्या डोंगरावरून एक पायवाट होती. माथ्यावर पोचली आणि खालून गाडी आली. गाडी बोगद्यात शिरताना शिट्टी देते.

मृण्मयी मुटकुळं झाली.

डोंगरमाथ्यावर मुटकुळं होण्यात एक अडचण असते. ती गडगडायला लागली. करवंदीची जाळी, कातळ, एक बावरलेला ससा, पुन्हा जाळी. ती थांबली तेव्हा केवड्याच्या बनात होती, डोंगराच्या पलीकडे, डोकं खाली. तिने हळूच एक डोळा उघडला.

उजव्या हाताला खाडी होती. भरती चढत होती, आणि पाणी समुद्राकडे जायचं सोडून उलटं डोंगराकडे निघालं होतं. एक रिकामी होडी त्या पाण्याबरोबर आपली आपण आत चालली होती. कुणीतरी घरी बोलावल्यासारखी.

मृण्मयी बराच वेळ तशीच उलटी बघत राहिली.

मग तिने ते लिहिलं, आणि त्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवली, पुढेही प्रत्येक वेळी ठेवली. जवळच स्टेशन होतं. त्यामागे वारूळ होतं. तिने हाक मारली, जीभ थरथरली, आतून शब्द नाही. सकाळी चिठ्ठी: ‘खाडी अप्रतिम. होडी तर विरघळलीच. पुढचं पाठवा. थोडं जाड कागदावर.’

तिने मागे वळून पाहिलं. मागे डोंगर होता. तो चढून परत जायचं म्हणजे माथ्यावर पुन्हा शिट्टी लागणार. त्यापेक्षा पुढचा पूल तेवढा बघून घेऊ, मग एकदमच परत जाऊ. भिणारे लोक असे पुढे जातात, मुलांनो. मागे जायचं धाडस होत नाही म्हणून.

पुलाखालून जाताना कळलं, की पुलावर गाडीचा आवाज बदलतो. जमिनीवर गाडी बोलते, पुलावर ओरडते. तेही तिने लिहिलं. सुरूच्या बनातून समुद्र एकसंध दिसत नाही, झाडाझाडांतून तुकड्यातुकड्यांनी दिसतो, आणि गाडीतल्याला ते तुकडे मनात जोडावे लागतात, हेही लिहिलं. बोगद्यातून गाडी बाहेर आली, की खिडकीतली सगळी तोंडं एकदम हसरी होतात, उगीचच. हे लिहिताना तिला ‘क्षमस्व’ लिहायचं राहून गेलं. ते लक्षात आल्यावर ती वारुळाकडे धावली, पण तोवर प्रस्ताव पचला होता.

डोंगर आला की शिट्टी, शिट्टी झाली की मुटकुळं, मुटकुळं झालं की उतार. तिच्या प्रवासातला निम्मा भाग अशा रीतीने उरकला.

रेंज आली की ताईचा फोन यायचा. ताईला मृण्मयीने सांगितलं नव्हतं ती कुठे आहे. उगीच तिला आशा लागायची, आणि आशा लागलेल्या माणसासमोर परत फिरता येत नाही. त्यामुळे ती म्हणायची, प्रस्तावाचं काम चालू आहे, कंपनीला आवडतंय. ताई म्हणायची, बरं. मग ताई सांगायची, की आता सगळी वाडी पोरीला ढेकूळ म्हणते. दाजींच्या तोंडूनसुद्धा काल एकदा निघून गेलं. पोर हाकेला मान वळवायला लागली आहे.

“शेपटीवर आहे ना अजून?” मृण्मयीने विचारलं.

“आहे. पण पाय खाली सोडून बसते.”

मृण्मयीने फोन ठेवला आणि भरभर चालायला लागली. का चाललो आहोत, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं.

सुरंगी नावाच्या स्टेशनात तिला क्रॉसिंग मिळालं.

गाडी बाजूच्या रुळावर उभी होती. इंजिन गप्प होतं. उतारू खाली उतरले होते. एक वानरीण काजूची बोंडं विकत होती, आणि एक म्हातारा साळिंदर तिच्याशी भावावरून घासाघीस करत होता. बोंडं त्याला नकोच होती, वेळ घालवायचा होता, आणि हे वानरिणीला माहीत होतं. दोन पाणमांजरी पाण्यात पाय सोडून कुणाच्यातरी सुनेबद्दल बोलत होत्या. कुणालाच घाई नव्हती. सगळे कुणाची तरी वाट बघत होते, आणि तो कोण हे कुणालाच माहीत नव्हतं.

मृण्मयी झुडपाआड बसली. तीही वाट बघायला लागली.

मग समोरून दुसरी गाडी आली. तिने शिट्टी दिली. उभ्या गाडीनेही दिली. मृण्मयी मुटकुळं झाली. पण सुरंगीला जमीन सपाट होती. ती कुठे गडगडली नाही. आणि जागच्या जागी राहिल्यामुळे तिला आतून ऐकू आलं, की एक शिट्टी म्हणत होती, आले. आणि दुसरी म्हणत होती, बघत होते वाट.

हे तिने लिहिलं. फार लांबलं. अख्खं स्टेशन, साळिंदर, बोंडं, सून, दोन्ही शिट्ट्या.

सकाळी चिठ्ठी आली. ‘क्रॉसिंगचा भाग फार चघळावा लागला. काढून टाकावा. खेळणारे थांबण्यासाठी खेळत नाहीत.’

पिंगळेकाकांना तिने फोन करून हे वाचून दाखवलं. काका म्हणाले, काढून टाक, कंपनी म्हणते तर. त्यांनी तोवर करवंदमाळला सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की मंडळाचा प्रस्ताव मंजूर झाल्यात जमा आहे आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं एवढंच बाकी आहे. अध्यक्षांनी शाल कुठल्या रंगाची घ्यावी, यावरही त्यांनी तिचं मत विचारलं.

मृण्मयीने स्वतःजवळची नक्कल घेतली. तो भाग खोडायला लेखणी उचलली. आणि तिने आयुष्यात प्रथमच काही खोडलं नाही. खाली एक ओळ लिहिली, ‘क्रॉसिंग काढता येणार नाही. त्याशिवाय समोरचा येणार कसा?’

ती ओळ दुसऱ्या कागदावर उतरवून तिने भोकात सरकवली, मग मुटकुळं झाली आणि दुपारपर्यंत उघडली नाही. पण ओळ परत काढायला ती गेली नाही.

या ओळीवर कंपनीची चिठ्ठी आली नाही. ती ओळ त्यांच्या घशात अडकली असावी.

आता एकच बोगदा राहिला होता. मृण्मयीने स्वतःला सांगितलं, एवढा बघून परत. शेवटच्या स्टेशनामागे काय आहे ते लिहिलं नाही, तर प्रस्ताव अपुरा राहील. अपुरा प्रस्ताव नामंजूर झाला तर आपण सराव कशावर करणार? आणि सराव नाही झाला तर पुळणवाडीला पोचणार कसे?

असा विचार करत ती पुळणवाडीला पोचली.

ऊन उतरलं होतं. समुद्र उजव्या हाताला होता आणि खरोखर राखाडी होता. स्टेशनामागे केतकीचं बेट होतं. बेटाच्या बुडाशी उकरलेल्या मातीचा एक ढीग होता आणि ढिगाला भोक होतं. दमलेल्या मृण्मयीला ते वारूळच वाटलं. पाटी दिसत नव्हती, पण शाखा म्हटली की पाटीचं असं होतंच.

तिने प्रस्तावाच्या नकलांचे सगळे कागद नीट लावले आणि भोकापाशी तोंड नेलं.

“कुणी आहे का?”

शब्द नाही.

इतक्या ठिकाणी इतक्या वेळा हाक मारून तिला आता उत्तर न येण्याची सवय झाली होती. उत्तर येणार नाही याची खात्री असली, की भित्र्यांचा आवाज फार मोकळा लागतो. तिने सगळा प्रस्ताव मोठ्याने वाचायला घेतला. खाडी वाचली, होडी वाचली. पूल वाचला. सुरूच्या बनातला तुकड्यातुकड्यांचा समुद्र वाचला. सुरंगीचं क्रॉसिंग सबंध वाचलं, साळिंदराच्या घासाघिशीसकट. जीभसुद्धा बाहेर आली नाही.

कागद संपले. ती बोलतच राहिली.

“आणि खरं सांगायचं तर मला हा मार्ग खेळायचा नाहीये,” ती भोकाला म्हणाली. “मला माझ्या ताईकडे जायचंय. पण ती शिट्टी फार मोठी असते. लग्नाला गेले नाही. आता तिची पोर ढेकूळ होऊन बसेल. मी तिच्यासाठी नाव ठरवलंय, पण ते अजून मोठ्याने म्हणून बघितलेलं नाही. त्याचीही भीती वाटते. तेव्हा मार्ग लवकर मंजूर करावा. एवढंच. कुणी आहे का?”

आणि आतून आवाज आला.

“आहे की.”

मृण्मयी मुटकुळं झाली. ज्याची इतके दिवस वाट पाहिली, ते आल्यावर माणूस दुसरं काय करतो? शेपटी नाकावर, नाक पोटात, डोळे गच्च. कागद वाऱ्यावर रुळांकडे निघून गेले.

भोकातून कुणीतरी बाहेर आलं. पावलं जड होती, शेपटीवर काहीतरी वागवत असल्यासारखी. ती पावलं तिच्याभोवती एकदा फिरली आणि थांबली. मग तिच्या पाठीवरच्या खवल्यावर नखाने हलकेच टकटक झाली. लहानपणी फणस पडल्यावर व्हायची तशी.

“मृणे, जेवलीस का? लवकर उघड. हिचा एक पाय खाली आहे.”

तात्पर्य : धीट होण्याच्या भानगडीत पडू नये, त्यात आयुष्य जातं. ज्या प्रवासाची भीती वाटते, त्याचा सविस्तर प्रस्ताव लिहावा, तो कागद खाणाऱ्यांच्या कचेरीत द्यावा, आणि तपशील कमी पडतो म्हणून रोज थोडं पुढे जाऊन यावं. उतार लागलाच तर मुटकुळं व्हावं. प्रस्ताव मंजूर होत नाही. तोवर आपण मात्र पोचलेलो असतो. एवढंच पाळावं, की ज्यांना आपण सणासुदीला खातो, त्यांनी दार उघडलं नाही म्हणून आपली भाषा सुधारत बसू नये.